सासऱ्यांच्या सेटवर माझे उपचार

एका रविवारी दुपारी मी सासऱ्यांचा नवाकोरा वॉकीटॉकी बहिरा आणि मुका केला.

सासरे टेलिफोन खात्यातून निवृत्त. एकाहत्तराव्या वर्षी परीक्षा देऊन त्यांनी हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचा, परवाना मिळवला, आणि त्या रविवारी संध्याकाळी सहाला हैदराबादच्या हॅम मंडळींच्या रेडिओवरच्या बैठकीत ते पहिल्यांदा बोलणार होते. ऐकायला अफझलगंजच्या घरी अकरा नातेवाईक, शिवाय पातेलंभर शिरा!

माझ्याकडेही तसलाच स्वस्तातला चिनी सेट. दुपारी त्यात इंटरनेटवरचं नवं सॉफ्टवेअर भरलं. प्रत्येक सेटची कारखान्यात केलेली जुळणी आत साठवलेली असते, तिची आधी प्रत काढा, असं तिथे लाल अक्षरांत बजावलं होतं. (लाल अक्षरं नवशिक्यांसाठी! माझा परवाना चांगला आठ महिने जुना.) परिणामी पडद्यावर माझं नाव तेवढं दिमाखात येई, आवाज येईना.

हरकत नाही! सासऱ्यांच्या सेटमधली जुळणी लॅपटॉपवर घ्यायची आणि माझ्यात भरायची. लॅपटॉपवर माझ्या सेटचा मजकूर उघडाच होता. त्यांचा सेट जोडला. समोर दोन बटणं, ‘रीड’ आणि ‘राइट’. मी ‘राइट’ दाबलं.

माझ्या सेटचा आजार इमानेइतबारे त्यांच्या सेटमध्ये उतरला.

पावणेसहाला बायको डोकावली. “अहो, झालं का? बाबांनी तीनदा शर्ट बदललाय.”

“तपासतोय.”

“मोडलात?”

“तपासतोय म्हटलं ना!”

“म्हणजे मोडलात.”

सहाला सासऱ्यांनी सेट चालू केला.

“जावईबापू, माझ्या सेटवर तुमचं नाव कायकू?”

“मामा, ते... स्वागताचं आहे.”

घसा खाकरून त्यांनी तीनदा हाक घातली. उत्तर नाही. “रविवार आहे, झोपले असतील लोक,” चुलतसासूबाई म्हणाल्या. चौथ्या हाकेनंतर सासऱ्यांनी सेटकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाला बिघाड कुठे आहे ते पटकन कळतं.

“चला जामबागला! माझ्या दोस्ताकडे सेट आहे. बैठक साडेसहाला संपते.”

वरात निघाली. पुढे सासरे, मागे नातेवाईक, शेवटी शिऱ्याचं पातेलं घेऊन मी. (दुसरं काही माझ्या हातात द्यायला कुणी तयार नव्हतं!)

सहा अठ्ठावीसला धापा टाकत सासऱ्यांनी दोस्ताच्या सेटवरून, त्याच्या घरून बोलतोय असं सांगत, हाक घातली आणि लगेच उत्तर आलं! टाळ्या झाल्या. बैठक चालवणाऱ्यानं अभिनंदन केलं आणि विचारलं, “लेकिन साब, दोस्त के घर से कायकू?”

सासऱ्यांनी बटण दाबलं आणि अख्ख्या हैदराबादला शांतपणे सांगितलं,

“सेट घरमेंच था, साब. जमाई बी घरमेंच था. ओव्हर.”