देवीच्या नावाचा पासवर्ड

आमच्या घराण्यात नवं काहीही उघडायचं तर कुलदेवीच्या नावानं. दुकान असो, बँकेतला लॉकर असो, नाहीतर नव्या गाडीचं दार. पूर्वज केव्हातरी बंगळूरला आले ते देवीला बरोबर घेऊन, आणि तेव्हापासून तिला सुट्टी नाही. इंटरनेट आलं तेव्हा माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे अण्णांनी, रविवारी स्नान करून घरातल्या प्रत्येकाचं मेलचं खातं काढलं. पासवर्ड सगळ्यांचा एकच: देवीचं नाव आणि पुढे घराचा नंबर.

"बरकत राहते," अण्णा म्हणाले.

बरकत अशी राहिली, की माझा कोलेस्ट्रॉलचा रिपोर्ट मी ऑफिसात असतानाच अण्णांनी उघडला आणि वैनींना खणखणीत आवाजात वाचून दाखवला. संध्याकाळी मी मारतहळ्ळीहून बस बदलत मल्लेश्वरमला घरी पोचले, तर ताटातलं तूप गायब. जेवताना यशवंतपूरच्या चुलत बहिणीचा फोन. "काय गं, कोलेस्ट्रॉल म्हणे? स्वल्प चालत जा की!" माझी तब्येत सर्वांत शेवटी मला कळली.

तेव्हा मी हसले. मला हसायला फार कारण लागत नाही.

मग माझ्या हाताला एक गाठ लागली. अंगात कुठे, ते विचारू नका. न सांगणं हाच या लेखाचा विषय आहे. डॉक्टरीणबाईंनी तुकडा तपासणीला पाठवला. मी घाबरून घरच्या टॅबवर काहीबाही शोधलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच टॅबवर लागणाऱ्या अण्णांच्या भजनात दर दोन अभंगांनी कॅन्सरच्या इस्पितळाची जाहिरात वाजू लागली.

"कॅन्सर कुणाला झालाय गं या घरात?" अण्णांनी दिवाणखान्यातून पुकारा केला.

"जाहिरातवाल्यांना!" मी स्वयंपाकघरातून ओरडले.

वैनी हसल्या. मी नाही. आमची आई याच आजारानं गेली. तिच्या आधी तिचा रिपोर्ट सगळ्या नात्यागोत्यानं वाचला होता. शेवटचे महिने ती येणाऱ्याजाणाऱ्यांचंच सांत्वन करत बसली. स्वतःसाठी रडायला तिला एक कोपरा मिळाला नाही. मला तो कोपरा हवा होता. बातमी कशीही असो, ती आधी माझी.

"रिपोर्ट मेलवर पाठवू ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझी मेल म्हणजे वडाचा पार आहे, डॉक्टर. सगळे येऊन बसतात."

त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग कुलूपबंद मेल घ्या. माझं खातं तिथेच आहे. मी पाठवलेलं तुमच्याकडेच उघडेल. मधल्या कुणाकडे नाही, ती सेवा चालवणाऱ्यांकडेसुद्धा नाही."

त्याच दुपारी ऑफिसात, डबा बाजूला सारून, मी खातं काढलं. पडद्यावर इशारा आला: पासवर्ड आणि खातं परत मिळवायचे शब्द दोन्ही हरवलेत, तर तुमच्या जुन्या मेल आम्हालाही वाचता येणार नाहीत. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या! उभ्या जन्मात मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं, की बाई, तुमचं आम्हाला काहीही कळणार नाही. पासवर्ड असा लांबलचक निवडला, की त्यात दोन भाषा आहेत आणि एक शिवी. देवी समजून घेईल. तीही बाईच आहे.

नवा पत्ता मी लपवला नाही. उलट जेवताना घोषणाच केली, की माझे रिपोर्ट आता तिथेच येतील. दोनच दिवसांत अण्णा तक्रार घेऊन आले, जणू कपाटाचं दार फुगलंय.

"तुझं ते नवं खातं उघडत नाही गं."

"तुम्ही उघडून बघितलंत?"

"देवीच्या नावानं बघितलं. मग आईच्या नावानं. घरात लपवण्यासारखं असतं काय?"

"अण्णा, न्हाणीघराला आतून कडी लावता ना? आत काय चालतं ते आम्हाला ठाऊक नसतं होय?"

वैनींना ठसका लागला. अण्णांनी मान ताठ करून टॉवेल उचलला, न्हाणीघरात गेले आणि कडी लावली. जोरात.

रिपोर्ट आला तेव्हा मी आठव्या क्रॉसच्या गल्लीत फुलवाल्या बायकांच्या गर्दीत होते. "स्वल्प जरुगी, अम्मा," एकीनं टोपली पुढे ढकलत म्हटलं. मी सरकले, भिंतीला टेकले आणि तो लांबलचक पासवर्ड शिवीसकट टाइप केला. वाचलं. परत वाचलं. मग मी जे काही केलं ते त्या फुलवालीनं पाहिलं, आणि तिला माझं नावही माहीत नाही. तिच्याकडून गजरा घेतला, माळला आणि घरी गेले.

"रिपोर्टचं कळलं काही?" अण्णा दारातच.

"कळलं."

"काय?"

"मला कळलं, अण्णा. आधी मला."

घरच्यांना मी माझ्या सवडीनं सांगितलं, मला हवं त्या शब्दांत, कॉफी पिता पिता. तुम्हाला सांगणार नाही.

अण्णा पुष्कळ दिवस फुगून होते. मग एका दुपारी, वैनी देवळात गेल्याचं बघून, माझ्या खोलीत आले. चक्क दार लोटलं.

"मलापण तसलं एक खातं काढून दे," ते कुजबुजले. "वैनीजवळ बोलू नकोस."

का, ते मी विचारलं नाही. मोठ्या कष्टानं, पण नाही विचारलं. खातं उघडलं, पासवर्डाच्या रिकाम्या चौकटीपाशी थांबले आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"देवीचं नावच टाकू का गं?"

"अण्णा!" मी दोन्ही कानांत बोटं घातली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. "मला सांगू नका!"