कंपनीचा प्रवेश, दिवाळीनंतर कायम

आता काय सांगू, आणि कुठल्या तोंडानं सांगू! आधी चहा घ्या, म्हणजे हसताना ठसका लागला तर चहावर ढकलता येईल.

मी चाकणजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवते. शिफ्ट सुटल्यावर कामगार बसकडे धावतात ना, तशी आमची पोरं इतिहासाच्या तासाला दाराकडे धावतात. म्हणून मी अकरावीसाठी जगाच्या इतिहासाचा वर्षभराचा खास कोर्स आखला. नेहमीच्या पुस्तकापेक्षा वरचा! जून ते मे, महिनावार. अख्खी दिवाळीची सुट्टी त्यात घातली हो!

प्राचार्य म्हणाले, "छान आहे मॅडम. पण वर्ग भरला तरच कोर्स. नाहीतर फाइल रद्दीत."

रद्दीत? माझी फाइल? मी तडक पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात टाकली. थोडक्यात लिहिली, आणि तिथंच घात झाला: 'वर्षभराचा खास कोर्स! पहिल्या सत्रात कंपनीचा प्रवेश. दिवाळीनंतर कायमधारा.'

तुम्हाला कळलं ना? ईस्ट इंडिया कंपनी! इंग्रजांची सारावसुलीची कायमधारा पद्धत! पण बाई हे लिहीत होती चाकणमध्ये. इथं कंपनी म्हणजे कारखाना आणि कायम म्हणजे परमनंट नोकरी. लोक देवाकडेसुद्धा तेच मागतात!

रविवारी पालकसभेला हॉल खचाखच. दाराबाहेर चपलांचा ढीग. माझी छाती अशी फुगली म्हणता! इतिहासाला बरे दिवस आले, म्हटलं.

पुढच्या रांगेतून खंडूआबा उठले. नातवासाठी आले होते. त्यांच्या शेतावर आज कारखाना उभा आहे.

"बाई, कंपनीचा प्रवेश नक्की हाय न्हवं?"

"नक्की! पहिल्याच सत्रात."

"आन् कायमचं?"

"ते दिवाळीनंतर."

टाळ्यांचा कडकडाट! माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो!

गॅरेजवाले शौकतभाई मागून ओरडले, "मॅडम, पोरींना पण घेणार ना? माझी सना लई हुशार आहे!"

"मुलींना आधी घेणार!"

पुन्हा टाळ्या. मग आबांनी विचारलं, "पर कंपनी कंची?"

"ईस्ट इंडिया कंपनी."

"ती कुठं आली? तळेगावला का रांजणगावला?"

"आबा, ती बंद पडून दीडशे वर्षं झाली."

आबांनी कपाळावर हात मारला.

"म्हंजी बंद कंपनीत पोरं कायम करता व्हय?"

झालं! खुर्च्या सरकल्या, लोक उठले. प्राचार्यांनी आधी फाइलकडे बघितलं, मग शिपायाकडे. माझं वर्ष चाललं रद्दीत! मी माइक ओढला आणि किंचाळलेच, "आबा, ऐका तर! ती कंपनी आली तेव्हा फक्त गोडाऊनपुरती जागा मागत होती!"

आबा दारात थबकले. "मंग?"

"मग मालाची राखण करायची म्हणून कंपाउंड घातलं."

"घालणारच! मंग?"

"मग गेटवर शिपाई बसवले. आणि एक दिवस गावालाच गेटपास लागायला लागला!"

आबा परत आले, खुर्चीत बसले आणि गरजले, "ए, बसा रे समदे! बाई आपलीच गोष्ट सांगत्यात."

सगळे बसले! शौकतभाई म्हणाले, "मग त्या कंपनीला हाकललं कोणी?"

"ते कोर्समध्ये! आधी नावं द्या."

वर्ग भरला, राव! बाकं कमी पडली! मी स्टेजवर नाचायचीच बाकी होते.

तेवढ्यात आबा प्राचार्यांना म्हणाले, "पर सर, या बाई तरी कायम हायेत न्हवं?"

प्राचार्य खोकले. मी चपापले. माझा करार अकरा महिन्यांचा! मे महिन्यात मी कॉलेजची कोणीच नसते, आणि जून ते मे आखताना हे माझ्या ध्यानातच नव्हतं!

"मे म्हैन्यात काय शिकिवणार?"

"देश स्वतंत्र झाला, ते."

"म्हंजी बाई गेल्या, तर पोरं गुलामीतच ऱ्हायची?"

हॉल दणाणला, "बाईंचा करार वाढवा!" प्राचार्यांनी घाम पुसत तिथल्या तिथं बारावा महिना दिला. मी विजयी मुद्रेनं पेढे घेऊन घरी आले.

नवऱ्यानं पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "अगं, पण पुढच्या मेमध्ये आपण कोकणात चाललोय ना? हॉटेलचं बुकिंगही केलंय."

आता बोला! मे महिन्यात मी अख्खा देश स्वतंत्र करणार आहे. नवरा समुद्रात डुंबणार आहे. आणि मी? चाकणला, पंख्याखाली, कंपनीचा ओव्हरटाइम!