भुऱ्याची भाकरी

मी जो काही आहे तो सखूआक्कामुळे, माझ्या थोरल्या बहिणीमुळे. मी शिकावं म्हणून तिने चौथीत शाळा सोडली आणि मेंढरांमागे गेली. मी घरातला पहिला पदवीधर झालो, माणदेश सोडून बोईसरच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो.

यंदा आक्काचे गुडघे पार गेले. मेंढरं विकली. तिच्या धनगरी कुत्र्याला, भुऱ्याला, तिने माझ्याबरोबर टेम्पोत बसवलं. "हितं नुसता वाळंल त्यो. तुज्याकडं ऱ्हाऊ दे," म्हणाली आणि पाठ फिरवून रिकाम्या मेंढवाड्याच्या कुंपणाची जाळी गुंडाळू लागली.

भुऱ्याचे डोळे उघडायच्या आधीच आक्काने त्याला कोकरांत ठेवलं होतं. मेंढ्यांच्या उबेतच तो वाढला. तिने त्याला कधी मारलं नाही, फार लाडावलंही नाही.

मी मात्र लाड केले. पंख्याखाली गोधडी, स्टीलच्या थाळीत दूधभात, दुकानातली बिस्किटं. तीन दिवस त्याने कशालाच तोंड लावलं नाही. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. असाच राहिला तर आक्काला काय सांगू, हेच डोक्यात घोळत होतं.

चौथ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर त्याला जवळच्या पाम गावाकडे फिरायला नेलं. एक आजी बकऱ्या घरी आणत होती. भुऱ्याने हिसका दिला, पट्टा हातातून सुटला आणि मी मागे धावलो. पण भुऱ्या भुंकलाही नाही. लांबून वळसा घेऊन त्याने मागे राहिलेलं करडू कळपात आणलं. सगळ्या बकऱ्या आत गेल्यावर कुंपणाच्या तोंडाशी आडवा बसला आणि माझ्याकडे बघत राहिला.

तेव्हा आठवलं. शेवटची मेंढी आत आल्याशिवाय आमच्यात कुणी जेवत नसे, आणि आक्काची पहिली भाकरी भुऱ्याची असे. शिकलो, आणि एवढंच विसरलो.

आजीने तांदळाची भाकरी आणली. भुऱ्याने ती सगळी खाल्ली.

"उपाशी ठेवतो काय रे कुत्र्याला?"

"काम केल्याशिवाय खात नाही, आजी."

"मंग तुज्यापेक्षा शाना हाय. उद्या पन आन त्याला."

आक्का फोनवर "बरं हाय" एवढंच बोलते. म्हणून पत्र लिहिलं:

"आक्का, भुऱ्या जेवला. रोज ड्युटी सुटली की त्याला पामला नेतो. तिथल्या आजीच्या बकऱ्या तो आत घालतो, मगच खातो. आता मीही त्याच्यानंतरच जेवतो. इतकी वर्षं इथे वेळेवर जेवत आलो, पण तू जेवलीस का, हे कधी विचारलं नाही. तुझे गुडघे इथल्या डॉक्टरांना दाखवू. तू ये. येताना ती गुंडाळलेली जाळी आण. आजीचं कुंपण एका बाजूने मोडलंय."