हरणाबाईच्या नावाचा ढीग

त्र्याहत्तरच्या दुष्काळात जळकोटच्या पुढं रस्त्यासाठी खडी फोडायचं काम निघालं होतं. सातवी शिकलेली हरणाबाई तिथं मजूर बायकांची तीस-बत्तीस लेकरं लिंबाखाली सांभाळायची. तिचं स्वतःचं लेकरू अंगावर पीत असतानाच गेलं, मग नवऱ्यानं दुसरी केली. एका फुटक्या पाटीवर ती पोरांकडून अक्षरं गिरवून घ्यायची. रडणाऱ्याला कडेवर घेऊन गाणं म्हणायची.

मजुरी मात्र खडीच्या मापावर होती. शनिवारी ज्याच्या नावाचा ढीग, त्याला पैसे. मापाच्या पेटीत लेकरं बसत नव्हती. म्हणून बायकांनीच तोड काढली. रोज काम सुटायच्या आधी प्रत्येकीनं एकेक घमेलं हरणाबाईच्या नावाच्या ढिगावर टाकायचं. त्यातून अर्धीमुर्धी मजुरी सुटायची, पण ती घेताना तिला मान वर करवत नसे.

"मुकादम, लेकरं राखते, शिकवते, तेच माझं काम म्हणून लिवा की," ती हिंमतराव मुकादमाला म्हणायची.

"लेकरं राखायचे पैसे द्यायचे म्हणलं, तर बायकूचं लई देणं निघंल माझ्याकडं," तो हसायचा.

एका शनिवारी तपासणीचे साहेब आले. एका ढिगापाशी थांबले.

"हा कुणाचा?"

"हरणाबाईचा," शांताक्का चटकन म्हणाली. तिची दोन नातवंडं लिंबाखाली असायची. "लई हात चालतो तिचा."

साहेबांनी हरणाबाईचे हात पाहिले. खडूनं पांढरे झालेले, एकही फोड नसलेले. ती गप्प राहिली असती तर निभावलं असतं. पण एवढा मोठा साहेब खरं ऐकून न्याय करील, असं तिला वाटलं.

"म्या न्हाय फोडली, साहेब. म्या लेकरं शिकवते. त्याची मजुरी लिवा."

"गप की, हरणे," शांताक्का पुटपुटली.

साहेब रागावले नाहीत. हजेरीचा कागद त्यांनी उलटसुलट पाहिला.

"असलं काम लिहायला यात जागा नाही, बाई."

ढीग मापातून बाद झाला. सगळ्या बायकांची आठवड्याची घमेली त्यात गेली. तरी बायकांनी नेहमीसारखीच आपापली लेकरं तिच्याकडून घेतली, आणि तेच तिला जास्त लागलं.

सोमवारी हिंमतरावानं तिच्या हातात हातोडी दिली. लेकरं आपापल्या आयांजवळ, उडणाऱ्या कपच्यांत जाऊन बसली. दुपारी शांताक्काच्या नातवाच्या भुवईला कपची लागली. हरणाबाई धावायला उठली.

"माप कोण भरणार? बस खाली," मुकादम म्हणाला.

ती बसली. पोरगं तिच्याकडंच बघून रडत होतं.

त्या शनिवारी हरणाबाईला पहिल्यांदा पुरी मजुरी मिळाली.