गॅरेजच्या जागेवरचा कडुनिंब

जुळे सोलापुरात आमच्या घरापुढे मामंजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं. ते गेले, शेड उतरवली, आणि त्यांचं स्टूल असायचं नेमकं तिथंच कडुनिंब लावायचा हट्ट सासूबाईंनी धरला. मैंदर्गीच्या शेतकऱ्याची लेक. खड्डा खणताना म्हणाल्या, "माती बघ कशी काळीभोर हाय. झाड लई जोमात येतंय की न्हाय बघ."

नर्सरीतून दोन रोपं आणली होती. दुसरं मागच्या दारी पत्र्याच्या डब्यात लावलं. ते वर्षभरात माझ्या कमरेला लागलं. पुढचं मात्र होतं तेवढंच राहिलं, पानं पिवळी. पाणी घातलं की वरच साचून राहायचं.

"ह्यांचा राग हाय माझ्यावर," सासूबाई म्हणाल्या.

"मामंजी रागवायचे ते फक्त गार चहावर," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. डोळे भरून आले होते, आणि मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी खुरपं घेऊन मी रोपाभोवती उकरलं. खालची माती चिकट होती आणि तिला जळक्या ऑईलचा वास येत होता. मुळं खाली जायचं सोडून वरच वेडीवाकडी वळली होती.

"आत्या," मी सासूबाईंना म्हटलं, "हा काळेपणा तेलाचा आहे. मुळांना पाणीही पोचत नाही, हवाही नाही."

मूठभर माती त्यांनी नाकाशी नेली आणि खालीच बसल्या. उन्हाळ्यात मामंजी अंगणभर जळकं ऑईल शिंपायचे, धूळ उडू नये म्हणून. मला वाटायचं, गिऱ्हाइकांसाठी.

"माझ्या पापडांवर धूळ बसती म्हणून मीच भांडायची," त्या म्हणाल्या. "बिचारे शिंपायचे."

मग खोल खणून ती माती काढली. मैंदर्गीहून त्यांच्या भावाने शेतातली माती आणि शेणखत पोत्यांतून पाठवलं. डब्यातलं धट्टंकट्टं रोप इथं लावू म्हटलं, तर त्यांनी ऐकलं नाही. जागाही तीच, रोपही तेच. काही महिन्यांनी त्याला तांबूस पालवी फुटली.

यंदा त्यांनी अंगणात खाटेवर पापड घातले आणि वारा सुटला. मी कापड घेऊन धावले. त्या कडुनिंबाशेजारी बसल्या होत्या, जागच्या हलल्या नाहीत.

"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "बसू दे धूळ."