गोठ्यातले घोडे आणि आमच्या हरकती

तहसीलसमोर टायपिंग-झेरॉक्सचं दुकान टाकलं की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही, ते आपोआप काउंटरवर येऊन बसतात. त्यातून माणूस स्वतःच एखाद्या प्रकरणात हरकतदार असला, तर बघायलाच नको!

प्रकरण तसं साधं आहे. आमच्या गावाच्या वर माळरान, माळाला लागून मोरांचं अभयारण्य. तिथं मोठं बांधकाम करायला बंदी. शेतकऱ्याला आपल्या रानात छोटं शेतघर आणि गोठा, एवढंच चालतं. आबासाहेब आमच्या भागातले मोठे पुढारी. त्यांनी माळावर दुमजली बंगला आणि घोड्यांचा तबेला काढला, चहूबाजूंनी भिंत घातली आणि मग सावकाश परवानगीचा अर्ज केला. आम्ही तिघांनी हरकत घेतली. एक नंबर सुमनमावशी, दोन नंबर रिटायर गुरुजी, तीन नंबर मी.

मावशी आमच्या भीमनगरातल्या. घरात बावीस शेळ्या, त्यावरच सगळं चालतं. माळापलीकडच्या तळ्यावर जायची पायवाट नेमकी त्या भिंतीत अडकली. पाणी असंच बंद राहिलं तर शेळ्या नेकनूरच्या बाजारात विकायला उभ्या करायच्या, दुसरा मार्ग नाही. आम्हा दोघांचा राग तत्त्वाचा होता, मावशींचा पोटाचा. म्हणून त्या एक नंबर.

*

आबासाहेबांच्या फायलीची नक्कल मिळाली तेव्हा गुरुजींनी नकाशा माझ्या काउंटरवर पसरला आणि चष्मा वर-खाली करून अर्धा तास वाचला. सात बेडरूम होत्या, त्यावर लिहिलं होतं ‘शेतमजूर निवास’. तबेल्यावर ‘गोठा’. मागं निळ्या फरशीचा स्विमिंग पूल, त्यावर ‘शेततळे’!

सुनावणीत नायब तहसीलदारांपुढं गुरुजी उभे राहिले. चाळीस वर्षं शाळेत घालवलेला माणूस, आवाज सगळ्या कचेरीत घुमला.

“साहेब, शेततळ्याला आमची काही हरकत न्हाई. फकस्त एक इचारायचंय. त्याच्यात उतरायला स्टीलची शिडी हाय, ती बैलासाठी का म्हशीसाठी?”

साहेबांनी मान खाली घालून फायलीत काहीतरी शोधल्यासारखं केलं. खांदे मात्र हलत होते.

*

आबासाहेबांचे आर्किटेक्ट पुण्याचे. एकदा तहसीलची लाइट गेली आणि इन्व्हर्टर फक्त माझ्या दुकानात! आले बिचारे, आमच्याच हरकतींना उत्तर टाइप करून घ्यायला. मी चहा मागवला.

ते सांगत होते, मी टाइप करत होतो. “हरकतदार क्रमांक तीन हा विकासाच्या विरोधात असलेला, दुसऱ्यांच्या सांगण्यावरून अर्ज करणारा इसम आहे.”

“साहेब, इसमाचं पूर्ण नाव टाकायचं ना?”

“टाका की. काय नाव त्याचं?”

मी टाकलं. त्यांनी स्क्रीनवरचं नाव वाचलं, मग दुकानाच्या बोर्डावरचं वाचलं, मग माझ्याकडं बघितलं. चहा तसाच हातात.

“हे वाक्य काढून टाका.”

“राहू द्या की साहेब. लई छान जमलंय!”

*

एकदा आबासाहेब स्वतः मावशींच्या दारात आले. बरोबर चार गाड्या. मला गुरुजींनी फोन केला, मी पळत गेलो. ज्यांच्यापुढं मोठमोठे लोक उठून उभे राहतात, ते आबासाहेब मावशींच्या अंगणात, आणि मावशी खाली बसून पाला तोडतायत.

“सुमनबाई, कावून डोक्याला ताप करून घेता? शेळ्या इका. तबेल्यावर कामाला लावतो तुमाला, कायमचं.”

“काम काय?”

“लीद काढायची. दुसरं काय!”

मावशी पाला तोडायच्या थांबल्या नाहीत. “आबासाहेब, आजवर आमी आमच्याच जनावराचं काढलं. तुमच्या घोड्याचं तुमी काढा, तेवढाच व्यायाम व्हईल.”

चार गाड्या एकदम सुरू झाल्या. मला त्या दिवशी मावशींचा इतका अभिमान वाटला, की घरी येऊन मी बायकोला तीनदा तेच सांगितलं.

*

मग आला पोळा. आमच्या गावात रीत अशी, की ज्याच्या गोठ्यात बैल, त्याची जोडी वेशीत आलीच पाहिजे. नाही आली तर मानकरी हलगी घेऊन घरी जातात. गुरुजी म्हणाले, “कागदावर गोठा हाय ना? मग चला!”

निघाली पन्नास माणसं, हलगी, झुली, शिंगांना लावायचा रंग. गेटवर मॅनेजर.

“अहो, इथं कुठले बैल?”

“फायलीत हायेत,” गुरुजी म्हणाले. “सोडा भायेर, मिरवणूक खोळंबलीय.”

हलगी काही थांबेना, आत घोडे उधळायला लागले. मॅनेजर हात जोडायला लागला. गुरुजी शांतपणे म्हणाले, “मग बैल न्हाईत असं वेशीतल्या लोकांसाठी लिहून द्या, म्हंजे आमी जातो.”

त्यानं घाईघाईत लेटरहेडवर लिहून दिलं: ‘येथे एकही बैल नाही. सहा घोडे आहेत.’ खाली सही, शिक्का!

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या पाच झेरॉक्स काढल्या. मूळ प्रत हरकतीला जोडली.

*

शेवटी स्थळपाहणी लागली. नायब तहसीलदार आले, तलाठी टेप घेऊन आले. वाट बंद होऊन चार महिने झालेले, मावशी शेळ्यांना हंड्यानं पाणी पाजत होत्या. आबासाहेब हसत म्हणाले, “नकाशात पायवाट दाखवा, सोता भिंत पाडतो.”

नकाशात वाट नव्हती. साहेबांनी दोनदा बघितलं. पायवाट रोजच्या चालण्यानं पडते, ती कोण कागदावर काढणार? गुरुजी चष्मा वर-खाली करून नकाशाच परत वाचायला लागले.

साहेब म्हणाले, “बाई, काहीतरी पुरावा लागतो.”

“गेट उघडायला सांगा,” मावशी म्हणाल्या. वस्तीकडं तोंड करून त्यांनी एक हाळी दिली. सुनेनं शेळ्या सोडल्या.

पुढं म्हातारी काळी शेळी, मागं एकवीस. गेटातून आत आल्या. हिरवळीकडं कुणी बघितलं नाही. तबेल्याला वळसा घालून सरळ बंगल्याच्या पायऱ्या चढल्या. दारं अजून बसायची होती. हॉलमधून आत, आतल्या खोलीतून मागच्या दारानं बाहेर, थेट तळ्याच्या रस्त्याला! नायब तहसीलदार शेळ्यांच्या मागं, तलाठी टेप धरून साहेबांच्या मागं.

आबासाहेब ओरडत पळाले, “अहो, हाकला त्यांना! ते आमचं देवघर हाय!”

मावशींनी मागं वळूनही बघितलं नाही.

“म्हणून तर बिनचपलेच्या आणल्यात!”