खोकला नसलेल्या लेकराची बाटली

दसरा झाला की माझं डोकं फिरायला सुरुवात होते. शिरूर कासारात माझं औषधांचं दुकान आहे, एस.टी. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. दिवाळीच्या आगेमागे तालुक्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघतात आणि निघताना त्यांचा शेवटचा बाजार माझ्याकडं होतो. आधी दोर, ताडपत्री, कोयते, ज्वारीचं पीठ, तिखट. मग मेडिकल. पाच-सहा महिने परमुलखात, उसाच्या फडात राहायचं, जवळ दवाखाना असेलच असं नाही, म्हणून औषधंही मीठ-मिरचीसारखी भरून न्यायची पद्धत आहे. भरून न्यायला माझी ना नाही. काय भरून नेतात, यावर माझं भांडण आहे.

‘पॉवरवाली द्या’ एवढं एक वाक्य आमच्याकडं सगळ्या रोगांना पुरतं. एक जण येतो, सर्दीची गोळी मागतो. वर अंगदुखीची मागतो, वर तापाची. मी तिन्ही पाकिटं उलटी करून त्याच्यासमोर धरते आणि सांगते की बाबा, नावं वेगळी असली तरी आत एकच औषध आहे. तिन्ही एकदम घेतलीस तर लिव्हरचं वाटोळं होईल. तो शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, “मंग लवकर बरं वाटंल की.” दुसऱ्याला ब्लडप्रेशर असतं. त्याला सांगते की नाक मोकळं करणाऱ्या गोळीनं प्रेशर वाढतं, डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. तो म्हणतो, प्रेशरची गोळी तर मी सर्दी झाल्यापासून बंदच केलीय, दोन-दोन औषधं कशाला खायची! अशा वेळी काउंटरवर कपाळ आपटून घ्यावंसं वाटतं.

खोकल्याच्या बाटलीवर मापाचं प्लॅस्टिकचं टोपण येतं. ते टोपण बाटली उघडल्या दिवशीच पोरांच्या खेळण्यात जातं. मग माप म्हणजे ‘एक झाकण’. कुठल्या बाटलीचं झाकण, हे विचारायचं नाही. मी विचारलं तेव्हा एका मावशीनं पिशवीतून खोबरेल तेलाच्या बाटलीचं झाकण काढून दाखवलं होतं, आणि ते काठोकाठ भरून पाजते म्हणून वर कौतुकानं सांगितलं होतं. मी चिडून तिला एक नवं टोपण दिलं. पुढच्या वेळी आली तेव्हा ती म्हणाली, टोपण लई चांगलं होतं, त्यात मी मिसरी ठेवते.

आमचे हे शाळेत शिक्षक आहेत. संध्याकाळी दुकानात येऊन बसतात आणि माझा आवाज ऐकून हसतात. “शाळा माझी, दुकान तुझं. तू उलटं कशाला करतेस?” असं चिडवतात. त्यांचं खोटं नाही. गावात माझी ओळखच ‘लई बोलणारी मेडिकलवाली’ अशी आहे. पण पालथ्या घड्यावर पाणी ओतायची सवय लागली की ती सुटत नाही.

एक मुकादम दरसाल माझ्याकडं येतो. टोळी जमवायची आणि कारखान्यावर न्यायची, हे त्याचं काम. तो खोकल्याचं औषध अख्ख्या खोक्यानं मागतो, सगळ्या टोळीला एकच. “लालच द्या ताई, हिरव्याचा गुण येत न्हाई.” मी विचारते, कोणासाठी? म्हाताऱ्यांसाठी, लेकरांसाठी, कोणाला दमा आहे का, खोकला कोरडा आहे की कफाचा? तो म्हणतो, “समद्यांलाच.” त्या लाल औषधानं गुंगी येते. मोठ्या माणसाच्या हातात कोयता असेल तर त्या गुंगीत बोट जाईल. लहान लेकराचा श्वास मंदावू शकतो. खोक्यावर छापलेलंही असतं की चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, पण ते इंग्रजीत, मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांत. मी ते वाचून दाखवलं की मुकादम मान हलवतो आणि खोकं खांद्यावर घ्यायला हात पुढं करतो. मी खोकं देत नाही. तो हसत जातो, माझ्यावर त्याचा राग नसतो, आणि त्यामुळं मला जास्तच राग येतो.

गेल्या हंगामाच्या तोंडाला तो आला तेव्हा त्याच्या मागून त्याच्या टोळीतली एक तरणी बाई आली. कडेवर पोरगी होती. पोरगी नुकतीच चालायला लागली असावी, कारण कडेवरून उतरून ती थेट माझ्या वजनकाट्यावर चढली, काटा हलला की खिदळायची, उतरायची, परत चढायची. नाकाला शेंबूड नाही, घशात घरघर नाही. बघून बरं वाटावं अशी लेक होती.

“ताई, लाल बाटल्या द्या. मोठ्या,” बाई म्हणाली.

“कोणाला?”

“हिला.”

“हिला खोकला कुठंय?”

“खोकला न्हाई. लई जागी राहती. झाकणभर पाजलं की दुपारपतोर उठत न्हाई म्हणत्यात. मागल्या साली माझ्या जावंनं तिच्या लेकराला तसंच केलतं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानात चार माणसं उभी होती, त्यांच्यादेखत मी तिला झाडलं. “अगं, हे औषध आहे का अफू? पाजून निजवलीस आणि झोपेतच श्वास अडकला तर? तू फडात, पोरगी कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत. तुला कळणार कधी? खोकला असता तरी एवढ्याशा लेकराला मी हे दिलं नसतं, आणि तू धडधाकट पोरीला पाजायला निघालीस!”

तिनं पोरीला काट्यावरून उचललं, पदर सारखा केला. मग खालच्या आवाजात म्हणाली, “फडात हिला कोण बघंल, ताई? कोयता चालू असला की पायात येती. ट्रॅक्टर मागं येतो तवा डायवरला हिच्याएवढं लेकरू दिसतंय व्हय?”

“मग घरी ठेव. सासूकडं ठेव.”

“सासूबी टोळीतच हाय.”

“आईकडं ठेव.”

“आई तिच्या टोळीत गेली, परवा.”

मी पुन्हा औषधाबद्दलच बोलायला लागले. मुकादमानं मध्ये तोंड घातलं. “द्या की ताई. कावून वाद घालता? तुमी न्हाई दिली तर फुडच्या दुकानात भेटंल.”

एवढं ऐकलं आणि मी उठलेच. शाळेला दिवाळीची सुट्टी होती, म्हणून आमच्या यांना दुकानात बसवलं आणि पायात चप्पल सरकवून गल्लीतल्या बाकीच्या मेडिकलवाल्यांकडं गेले. त्यांना सांगितलं, हिरव्या लुगड्यातली, कडेवर पोरगी असलेली बाई येईल, लाल बाटली मागेल, द्यायची नाही. एकानं लगेच मान्य केलं. दुसरा म्हणाला, “देत नाही बाई. दिली तर तुम्ही माझ्या दुकानात येऊन भाषण कराल.” त्याचा टोमणा मी सोडून दिला. शिरूरमध्ये त्या दिवशी त्या पोरीसाठी लाल बाटली मिळणार नव्हती, आणि ते मी केलं होतं. इतकी वर्षं घसा फोडल्यावर एकदा तरी माझं चाललं, म्हणून मला फार बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, मी फुशारले होते.

दुपारी मी एक पिशवी भरली. नाक चोंदलं तर घालायला मिठाच्या पाण्याचे थेंब, मधाची छोटी बाटली, थर्मामीटर. टोळीचा ट्रक गावाबाहेरच्या मैदानात भरत होता. भांडी, गोधड्या, बांबू, चटया, वर दोन शेळ्या. बाई ट्रकच्या सावलीत बसली होती आणि पोरगी तिच्या पाठीवर रेलून उभी होती. मला पाहून ती गडबडीनं उठली, बसायला पोतं टाकलं, म्हणाली, “बसा ताई.” सकाळच्या माझ्या बोलण्याचा राग तिच्या तोंडावर कुठं नव्हता.

मी तिला एकेक गोष्ट दाखवली. सर्दी झाली तर नाकात हे थेंब. पोरगी वर्षाच्या वरची आहे, तेव्हा खोकल्याला निजताना थोडा मध चालेल. कोमट पाणी, पेज पाजत राहा. गुंगीचं औषध अजिबात नाही, मुकादमानं दिलं तरी नाही, जावेनं दिलं तरी नाही. श्वास भरभर व्हायला लागला, छाती आत ओढली जायला लागली, खाणंपिणं सोडलं, तर काम टाकायचं आणि दवाखाना गाठायचा. ती लक्ष देऊन ऐकत होती. मी म्हटलं, आता तू सांग. तिनं सगळं माघारी म्हणून दाखवलं, एक शब्द न चुकता. शेवटी म्हणाली, “बाटली न्हाई घेतली, ताई. फुडच्या दुकानात गेलतेच न्हाई मी. तुमचं पटलं मला.”

म्हणजे माझी गल्लीतली धावपळ फुकट गेली होती. तिला माझं सकाळीच पटलं होतं. मला तिची पाठ थोपटावीशी वाटली. इतक्या वर्षांत काउंटरच्या पलीकडून असं कोणी बोललं नव्हतं.

बोलता बोलता तिचे हात चालूच होते. निळ्या नायलॉनच्या दोरीवर ती जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट गुंडाळत होती. मी कौतुकानं विचारलं, “झोळीला का?”

“न्हाई. हिला बांधायला.”

मला कळलंच नाही. ती समजावून सांगायला लागली, जसं मी मघाशी तिला सांगत होते तसं. “बाटली न्हाई म्हणल्यावर ही जागी राहणार. फडाच्या कडंला बाभळीला बांधीन. नुसती दोरी काचती, म्हून लुगडं गुंडाळलं.”

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर मी भांडले असते. भांडणं मला जमतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तसं मी सकाळपासून बाटलीशी भांडत बसले होते. मला मुकादमाचा राग आला, कारखान्याचा आला, तिच्या नवऱ्याचा आला, तो तिकडं गोधड्यांचे गठ्ठे वर फेकत होता. त्याचा तरी काय दोष? मग माझ्या त्या पिशवीचा राग आला. त्यात तिच्या उपयोगाचं काहीही नव्हतं. पोरगी दोरीचं दुसरं टोक धरून ओढत होती आणि आईनं ओढलं की खिदळत होती.

“ताई, तुमाला समदं म्हाईत हाय,” बाई म्हणाली. “कमरंला बांधू का पायाला?”

मला उठून जायचं होतं. ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. बाई माझ्या तोंडाकडं बघत होती, उत्तराची वाट बघत.

मी खाली वाकले. पोरीच्या पोटावरून हात फिरवला. म्हटलं, “कमरेला. पण दोन बोटं आत जातील एवढी सैल. गाठ पाठीमागं, तिच्या हाताला येणार नाही अशी. आणि दोरी लांब ठेवू नकोस, फिरून फिरून गळ्याशी अडकेल.”

तिनं तिथंच बांधून दाखवली. “अशी?”

मी गाठ ओढून पाहिली. “अशी,” म्हटलं.